जिलबी कोणी खाल्ली?

मी खाल्ली. झालं समाधान? काल अख्ख्या युनिटसमोर तोंड उघडलं नाही, आता सांगतो. सकाळी नऊला पानात वाढलेली एक जिलबी दुपारी सव्वातीनला मी खाल्ली, आणि त्यावरून त्या तेवीस वर्षांच्या एडीने, म्हणजे असिस्टंट डायरेक्टरने, वॉकीवर जो तमाशा केला तो ऐकून कोणालाही वाटलं असतं की मी राजवाड्याची तुळई खांद्यावर टाकून पळालोय.

भोरला होतं मालिकेचं शूट, लग्नाची पंगत, आणि मी गर्दीतला एक पाहुणा, म्हणजे ज्युनिअर आर्टिस्ट. कोऑर्डिनेटरचा मेसेज आदल्या रात्री साडेअकराला. 'लग्नाचे गेस्ट, कपडे स्वतःचे, काळा नको, पांढरा नको, लाल नको, बारीक रेघा नको.' पांढरा लाईट मारतो, बारीक रेघा स्क्रीनवर नाचतात, लाल हिरोइनचा. मग उरलं काय, तर साडूच्या लग्नातला मोरपंखी कुर्ता, जो मला पोटावर बसत नाही. कॉल पहाटे पाचचा, स्वारगेट. कोथरूडहून रिक्षावाल्याने मीटरकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ दोनशे. गाडी सुटली सहाला. कापूरहोळला चहाला थांबवा म्हटलं तर म्हणे सेटवर नाश्ता आहे. होता ना. युनिटने खाऊन झाल्यावर आमच्या वाट्याला पोह्यांच्या पातेल्यात लिंबाच्या फोडी होत्या.

आणि मग पंगत. समोर केळीचं पान, मसालेभात, वरणभात, मठ्ठा, दोन जिलब्या, आणि एक माणूस स्प्रेने त्यावर तेल मारत फिरतोय, चमकायला पाहिजे म्हणून. खायचं नाही. घास तोंडापर्यंत न्यायचा आणि परत ठेवायचा, शेजारच्याशी हसून गप्पा मारायच्या पण आवाज न काढता, कारण पलीकडे हिरोइनची आई डायलॉग म्हणतेय. सहा तास मुक्याने गप्पा मारून बघा एकदा. माझ्या शेजारचे आजोबा तेवढ्यात मला त्यांच्या मूळव्याधीचं सांगत होते, ओठांवरून सगळं कळत होतं. मास्टर, म्हणजे अख्ख्या पंगतीचा शॉट झाला, मग क्लोज, मग हिरोइनला शिंक आली, मग पुन्हा मास्टर. मसालेभाताचे खडे झाले. आमच्या जेवणाचा पत्ता नाही. तीन वाजून गेले आणि हात आपोआप गेला हो, मी काही ठरवून नाही केलं.

एक मिनिटात कट. 'कंटिन्युइटी!' म्हणजे आधीच्या शॉटमध्ये जे दिसलं तेच पुढेही दिसायला हवं. एडीने मोबाइलवर फोटो झूम करून बघितला, पानात दोन होत्या, आता एक. 'ओ मोरपंखी, जिलबी कोणी खाल्ली?' नाव विचारायची पद्धतच नाही, जो रंग घातलाय ते नाव. मग म्हणाला, 'काका, घरी जेवून नाही आलात का?' जेवून? पहाटे चारला? आणि काका कोणाला म्हणतोस रे, एक्केचाळीस पूर्ण आहेत मला. अपमान गिळला असता, पण काका नाही. हे काका प्रकरण आता बँकेत, जिममध्ये, सगळीकडेच सुरू झालंय, त्यावर वेगळं लिहीन.

बरं दिवसाचे पैसे ग्रुपवर बाराशे सांगायचे, हातात आठशे, तेही नव्वद दिवसांनी. नव्वद दिवसांनी मालिकेतल्या त्या जोडप्याचा घटस्फोट झालेला असतो. प्रभात फिल्म कंपनी १९३३ला कोल्हापूरहून पुण्यात आली, त्याच जागेवर १९६०ला फिल्म इन्स्टिट्यूट झालं, ती जागा माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. सिनेमाचं एवढं मोठं घर दाराशी आणि मी पहाटे भोरला, कधी मेणवलीच्या घाटावर मावळा म्हणून पावसात भिजत. आणि सोसायटीतले विचारणार, 'काय, कुठे दिसताय सध्या?' कुठे दिसणार, खांबामागे, मुंडावळ्यांमागे. आख्ख्या तीन वर्षांत चेहरा नीट दिसला एकदाच, कोर्टाच्या सीनमध्ये, तोही साहेबांच्या मिसेसना, आणि त्या दिवशी मला ऑफिसच्या हिशोबाने टायफॉइड होता.

आता खरं बोलू का, ती जिलबी चांगली नव्हती. वरून तेल, आतून चामडं. आणि मी लपवून खाताना इतका घाबरलो की धड चावलीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या सेटने माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्यामागच्या डीओपीनेसुद्धा वळून बघितलं, आणि माझ्या तोंडात जिलबी. पोरं येताना गाडीत हसून हसून मेली, मी पण हसलो, म्हणजे कापूरहोळ मागे पडल्यावर.

पण सीन अर्धा राहिला. येत्या रविवारी परत पंगत. त्याच जागी, त्याच कुर्त्यात. पॅकअपला एडीने माझा एकट्याचा वेगळा फोटो काढला आणि बजावून सांगितलं, 'काका, कुर्ता धुवू नका. डाग एस्टॅब्लिश झालाय.' त्या गडबडीत पाक सांडला होता छातीवर, दोन रुपयाच्या नाण्याएवढा. कुर्ता आता बाल्कनीत टांगलाय. सकाळपासून मुंग्यांची रांग लागली आहे आणि बायको लक्ष्मणरेषा खडू घेऊन उभी आहे, तिला म्हटलं कुर्त्याला लावू नकोस, खडूचा डाग कंटिन्युइटीत नाहीये.