रेझिस्टन्ट टोमॅटोला कीड लागत नाही? तो मेसेज चुकीचा आहे

तो मेसेज परत फिरायला लागलाय, "रेझिस्टन्ट व्हरायटी लावा, पांढरी माशी नाही, अळी नाही, फवारणी बंद." यावर भरवसा ठेवून कोणाचं पीक जाऊ नये म्हणून एकेक मुद्दा बघूया.

पहिलं म्हणजे बियाण्याच्या पाकिटावरचं रेझिस्टन्ट (प्रतिकारक) हे बहुतेक वेळा रोगांबद्दल असतं. टीवायएलसीव्ही म्हणजे लीफ कर्लचा व्हायरस, एफ म्हणजे फ्युजारियम मर. एचआर म्हणजे प्रतिकार जास्त, आयआर म्हणजे मध्यम, आणि आयआर असेल तर रोगाचा जोर वाढल्यावर लक्षणं दिसू शकतात. माशीचं नाव त्यात कुठेच नाही.

"पांढरी माशी येत नाही" हे तर साफ चूक. टीवाय-१, टीवाय-३ हे जीन व्हायरसला आवरतात, माशीला नाही. माशी येणार, रस शोषणार, चिकट गोड द्रव सोडणार, त्यावर काळी बुरशी चढणार आणि फळंही एकसारखी पिकत नाहीत. शिवाय रेझिस्टन्ट झाड वरून निरोगी दिसलं तरी आत थोडा व्हायरस असू शकतो, माशी तोच उचलून शेजारच्या साध्या व्हरायटीवर नेते, म्हणजे आपण माशीकडे दुर्लक्ष केलं तर भोगतो शेजारचा. हे खरंच कोणी सांगत नाही!

"जंगली टोमॅटोचे जीन घातलेत, अळी मरते" यात थोडं तथ्य आहे. टोमॅटोत काम केल्यावर बोटं हिरवट काळी होतात ना, ते पानावरच्या बारीक लवेतल्या ग्रंथींमुळे. जंगली जातींमध्ये हीच लव जास्त जहाल असते, पेनेली नावाच्या जंगली जातीच्या लवेतून चिकट द्रव येतो आणि बारकी कीड त्यात अडकते, हॅब्रोकायटिस या दुसऱ्या जंगली जातीच्या एका प्रकारात तर अळीला विषारी असं रसायन असतं, हे १९८० मध्येच दाखवलं गेलं. पण हा गुण एका जीनवर चालत नाही, संकर केला की बारकी हिरवी फळं, खराब चव असले नको ते गुणही सोबत येतात, आणि ही लव ट्रायकोग्रामासारख्या मित्रकीटकालाही अडवते. म्हणून इतकी वर्षं काम चालूनही ते सोपं झालेलं नाही.

किडीला रोखणारा एक अपवाद मात्र आहे, एमआय जीन. मुळात सूत्रकृमीसाठी (मुळांना गाठी आणणारे बारीक कृमी), पण काही जातीच्या माव्याला आणि थोडाफार पांढऱ्या माशीलाही रोखतो. जमीन २८ अंशांच्या वर तापली की सूत्रकृमीवरचा त्याचा असर ढिला पडतो.

फळ पोखरणारी अळी आणि टुटा (पानं पोखरणारी नागअळी) यांना पूर्ण रोखेल अशी व्हरायटी बाजारात नाही. रेझिस्टन्ट जरूर लावा, पण रोपं बारीक जाळीत वाढवा, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावा, पानं उलटून बघत रहा, टुटाचे पांढुरके पारदर्शक चट्टे दिसले की ते पान तोडून लगेच नष्ट करा, बांधावर टाकू नका.