‘मोठ्या टाकीचं पाणी बदलू नका’ हा सल्ला माशांच्या जिवावर उठतो

इंदूरच्या मराठी घरांत सध्या एक संदेश या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. गोषवारा असा: माशांची टाकी पाच-सहा फुटी असेल आणि फिल्टर दमदार असेल, तर पाणी बदलायची गरज नाही; जेवढं उडेल तेवढंच भरा. सहा महिन्यांतून एकदा सगळं रिकामं करून धुऊन काढा. नळाचं पाणी रात्रभर ठेवलं की क्लोरीन जातं, आणि शक्य असेल तर आरओचंच वापरा. शहराला येणारं नर्मदेचं पाणी वाचेल आणि मासेही सुखात राहतील.

हा संदेश लोकांना का पटतो ते मला कळतं. १८० × ६० × ६० सेंटिमीटरच्या टाकीत साधारण ६०० लिटर पाणी मावतं. त्याचा पाव भाग म्हणजे १५० लिटर. पंधरा लिटरच्या दहा बादल्या बाहेर न्यायच्या आणि दहा आत आणायच्या, तेही दर आठवड्याला. कंबर नको म्हणते, मग जो कोणी ‘गरज नाही’ म्हणेल तो आपला वाटतो. पण या अडचणीचं उत्तर पाइपांच्या आखणीत आहे. पाणी न बदलल्याने ती सुटत नाही.

आधी फिल्टरचं बघू. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. साधा फिल्टर इथेच थांबतो. नायट्रेट पाण्यातच राहतं, रोज थोडं वाढतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. समजा, आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. दर आठवड्याला पाव पाणी बदललं, तर ते ४० पर्यंत चढून तिथेच थबकतं. दहा टक्केच बदललं, तर १०० पर्यंत जातं. काहीच बदललं नाही, तर वर्षात ५०० पार. फिल्टर कितीही महागाचा असला तरी हा हिशोब चुकत नाही.

दुसरा परिणाम जास्त घातक आहे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना जीवाणू पाण्यातली सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खाऊन टाकतात. ताजं पाणी आलं नाही तर ही शिल्लक संपते, पाणी आम्लधर्मी होत जातं आणि शेवटी जीवाणूंचंच काम मंदावतं. अशा पाण्यात अमोनिया कमी विषारी रूपात साचून राहतो. मग एक दिवस कोणीतरी अर्धी टाकी ताज्या पाण्याने भरतं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; आम्ल जास्त तितका तो कमी) झपकन वर जातो, साचलेला अमोनिया विषारी होतो आणि सकाळी मासे तरंगताना दिसतात. ‘पाणी बदललं म्हणून मेले’ असं घरोघर ऐकू येतं ते यामुळे. ज्यांनी महिनोन् महिने पाणी बदललेलं नाही त्यांनी एकदम अर्धी टाकी उपसू नये. दर दोन दिवसांनी दहा टक्के बदलत हळूहळू नेहमीच्या प्रमाणावर यावं.

उडालेलं पाणी भरण्याबद्दल थोडक्यात. वाफ जाते, क्षार मागे राहतात. दिवसाला चार लिटर उडत असेल, तर वर्षात १,४६० लिटर भरलं जातं, म्हणजे दोन टाक्यांहून जास्त पाण्यातले क्षार एका टाकीत. त्यातून बोरिंगचं जड पाणी वापरत असाल, तर बघायलाच नको. बोरिंगच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असू शकतं; एकदा तपासून घ्या.

सहामाही धुलाईने तर घडी बसलेली टाकी मोडते. उपयोगी जीवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकटलेले असतात. नळाखाली सगळं घासून धुतलं की क्लोरीनने ते मरतात आणि पुन्हा जम बसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या.

क्लोरीनबद्दल संदेश अर्धा खरा आहे. उघड्या, पसरट भांड्यात ते बरंचसं उडतं. झाकणाच्या ड्रममध्ये रात्रभर तसंच राहू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, म्हणजे ते असणारच असं धरून चाला. एक मिलिग्रॅम क्लोरीन घालवायला सुमारे सात मिलिग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेटचे खडे) लागतो. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन धरलं, तर १५० लिटरला अर्धा ग्रॅम हायपो पुरतो. आरओच्या पाण्यात तर क्षारता जवळपास नसतेच, आणि घरगुती यंत्र एका लिटरसाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. मृदू पाण्यातल्या माशांची पैदास करणाऱ्यांनी ते मोजून-मापून वापरावं. पाणी वाचवण्यासाठी आरओ सुचवणं मात्र मला अजिबात पटत नाही.

आता आखणी. इंदुरात बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. म्हणून टाकी घ्यायच्या आधीच घरात सावलीला २०० लिटरच्या ड्रमची जागा ठरवा. पाण्याच्या दिवशी तो भरा, हायपो घाला, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. दुसऱ्या दिवशी ते पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं असतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी कढत आणि जानेवारीत पहाटे गार असतं. ते थेट सोडू नका. ड्रममध्ये छोटा पंप टाकला की बादलीचं काम संपलं.

टाकीखाली सम्प, म्हणजे फिल्टर आणि पंप ठेवायची दुसरी टाकी असेल, तर पंपाकडून टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर टी (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व बसवा. हीटर बंद करून व्हॉल्व फिरवला की तोच पंप जुनं पाणी बाहेर नेतो. पंप कोरडा चालू देऊ नका. वीज गेली तर टाकीतलं किती पाणी खाली येईल, हे आधी मोजा: या मापाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ११ लिटर. पंपाकडून टाकीत येणाऱ्या पाइपाचं पाण्यात पाच सेंटिमीटर खाली गेलेलं तोंड सायफन होऊन ५५ लिटर सम्पमध्ये ओतेल. तोंड वरच ठेवा आणि सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी सोडा. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व शेवाळाने अडकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. मासे सोडण्याआधी पंप बंद करून एकदा पाहाच. टाकीतून सम्पमध्ये खाली येणारा एक पाइप तुंबला तर दुसरा हवा. तांब्या-पितळेचे जोड नकोत, तांबं कोळंबी आणि गोगलगायींना मारतं.

आणि नळाची नळी टाकीच्या पाण्यात बुडवून कधीही भरू नका. पुरवठा थांबला किंवा शेजारी टुल्लू पंप लागला की लाइनमध्ये ओढ तयार होते आणि टाकीतलं पाणी पिण्याच्या पाइपात जाऊ शकतं. नळी आणि पाणी यांच्यात वीतभर मोकळी हवा हवीच.

राहिला पाणी वाचवण्याचा मुद्दा, आणि तो मला मोलाचा वाटतो. १९७८ पासून नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढून इथे येतंय. आठवड्याला १५० म्हणजे वर्षाला ७,८०० लिटर, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढं द्यायचं नसेल, तर लहान टाकी घ्यावी किंवा मासे कमी ठेवावेत; माशांना घाणीत ठेवून बचत करू नये. शिवाय निघालेल्या पाण्यातलं नायट्रेट झाडांना खत म्हणून चालतं. सम्पचा पाइप बागेपर्यंत किंवा गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंत नेला, तर झाडांना वेगळं पाणी घालावं लागत नाही. टाकीत मीठ किंवा औषध घातलं असेल त्या आठवड्यात मात्र ते पाणी झाडांना नको, मोरीतच जाऊ द्या.