डॉक्टर बाई झाली तर विरोध कसा करावा

तर मंडळी, तुमचा लाडका हिरो बाई झालाय आणि तुम्हाला ते झेपलेलं नाही. होतं असं. 16 जुलै 2017 ला विम्बल्डनची पुरुषांची फायनल संपली, फेडरर कप घेऊन मोकळा झाला आणि पाठोपाठ बीबीसीनं 'डॉक्टर हू' ह्या आपल्या सायन्स फिक्शन मालिकेचा तेरावा डॉक्टर म्हणून जोडी व्हिटेकर ह्या नटीचा चेहरा दाखवला, तेव्हापासून सांगलीत पण काही घरांत सुतक आहे. सांगलीत हे बघणारे आहेत तरी किती असं विचारू नका. आहेत. पेनड्राइव्हवरनं एकमेकांना देत देत तयार झालेली जमात आहे, आणि जमात बारकी असली की सुतक जास्तच कडक पाळतात. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन, फुकट.

सुरुवात लॉजिकपासनं करायची. हा डॉक्टर म्हणजे गॅलिफ्रे ग्रहावरचा, दोन हृदयं असलेला, वय हजारात, निळ्या पोलिस बॉक्समधनं काळात मागंपुढं फिरणारा, बॉक्स बाहेरनं टेलिफोन बूथएवढा आणि आत मात्र संपता संपत नाही. मरायला टेकला की अंगातनं उजेड बाहेर पडतो आणि नवीन नट तयार. त्याचे दुश्मन डॅलेक, त्यांच्या एका हाताला बेसिन तुंबल्यावर वापरतात तसला रबरी पंप लावलाय आणि तो पंप घेऊन ते विश्व जिंकायला निघालेत. हे सगळं आपल्याला पटलंय. पण बाई? छे. काहीतरी शास्त्राला धरून पाहिजे का नको.

मग परंपरा काढायची. 23 नोव्हेंबर 1963 पासनं चालत आलेली गोष्ट आहे, हिला हात लावायचा नाही, वगैरे. पण इथं जरा जपून हं. पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, म्हणजे बाई. पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसैन, लखनौत जन्मलेला. ती अंगावर काटा आणणारी थीम रॉन ग्रेनरच्या सुरावटीवरनं टेपचे तुकडे कापून जोडून तयार केली डेलिया डर्बिशायरनं, ती पण बाईच. आणि नट बदलायची भानगड सुरू झाली 1966 ला, पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल तब्येतीनं थकला म्हणून, म्हणजे तुम्ही परंपरा म्हणून जी छातीशी धरून बसलाय ती मुळात माणूस आजारी पडल्यावर काढलेली वाट आहे. त्यामुळं परंपरा म्हणायचं आणि लगेच पुढच्या मुद्द्यावर जायचं. मालिका जन्माला घालणाऱ्यांना काय वाटलं असतं, हे वाक्य तर तोंडातनं चुकूनसुद्धा काढू नका, कारण त्यातल्याच सिडनी न्यूमननं 1986 ला बीबीसीला लिहून कळवलं होतं की पुढंमागं डॉक्टर बाई करा. लोकं लय बेरकी असतात, पत्र काढून दाखवतात.

2014 ला डॉक्टरचा जुना दुश्मन मास्टर, त्याची बाई होऊन मिसी झाली, 2015 ला ह्याच मालिकेत एक गोरा जनरल तुमच्या डोळ्यासमोर काळी बाई होऊन उठला, तेव्हा गप्प का होता असं कुणी विचारलं तर परीक्षा होती म्हणायचं.

पोरांच्या आदर्शाचा मुद्दा मात्र हमखास चालतो. पाचवा डॉक्टर झालेला पीटर डेव्हिसन पण त्याच आठवड्यात मुलांचा एक आदर्श गेला म्हणून हळहळला होता. सहावा डॉक्टर कॉलिन बेकर त्याला खोडायला धावला, पण आपण पाचव्याला धरायचं, सहाव्याचं नावच घ्यायचं नाही. आणि पोरींचं काय, असं कुणी म्हणलं तर शांतपणे सांगायचं की बायकांना ह्या मालिकेत पहिल्यापासनं काम दिलेलं आहे, 'डॉक्टर, हे काय आहे?' असं विचारायचं, किंचाळायचं, आणि पळताना पाय मुरगाळून घ्यायचा. अजून किती द्यायचं?

बाईच्या ड्रायव्हिंगवरचा जोक टाळा. मोह होईल, पण टाळा. सगळे पुरुष डॉक्टर तो बॉक्स चालवत आले आणि लंडन म्हणून निघून भलत्याच ग्रहावर, भलत्याच शतकात उतरले, ते पण रस्ता न विचारता.

एक प्रॅक्टिकल सूचना. निषेधाची पोस्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नका. आमच्यातल्या एकानं रागाच्या भरात 'बाई डॉक्टर चालणार नाही म्हणजे नाही' एवढंच टाकलं, तर पाच मिनिटांत आत्याचा फोन, बाळा काय होतंय तुला, लाजू नको, मिरजेत पुरुष डॉक्टर पण आहेत की, नंबर पाठवू का.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, ती म्हणजे तुम्ही हा विरोध सांगलीत बसून करणार आहात. गावभागात एका मित्राच्या माडीवर ह्या विषयावर मीटिंग भरलेली, मध्ये भडंगाची परात, त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाणारे दोघंतिघं, आणि मित्र पोटतिडकीनं सांगतोय की पुरुषाची भूमिका बाईला दिली की कलेचा आत्माच जातो, प्रेक्षक ते मनापासनं स्वीकारूच शकत नाही, निसर्गाच्या विरुद्ध आहे ते. त्याच्या बरोब्बर डोक्यावर पणजोबांनी लावलेला फोटो. शालू, नथ, केसात गजरा, मान जराशी तिरकी. बालगंधर्व, आपल्या नागठाण्याचे. फोटोला चंदनाचा हार. भाषण चालू. मी फोटोकडं बघतोय, आज्जी पाणी घेऊन आली ती पण फोटोकडंच बघतीय, आणि तांब्या ठेवता ठेवता म्हणली, "ह्याच्या पणजीनं तसलाच शालू पायजे म्हणून पणजोबांशी अबोला धरलेला." मित्र म्हणला, आज्जी ते वेगळं, ती कला होती.

हे वाक्य पाठ करून ठेवा. ते वेगळं, ती कला होती. ह्याला कुणालाच उत्तर देता येत नाही, कारण त्यात मुद्दाच नाही. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी ह्याच सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सीता पुरुषच होता. दादासाहेब फाळक्यांच्या 1917 च्या 'लंका दहन'मध्ये तर अण्णा साळुंके एकटेच राम पण आणि सीता पण, आणि लोकांनी दोघांनाही हात जोडले. फॉर्म्युला सोपा आहे, पुरुष बाई झाला की अभिनय, बाई पुरुषाच्या जागी आली की अजेंडा. बायकांनीच पुरुषांची कामं करणाऱ्या स्त्री नाटक मंडळ्यासुद्धा होऊन गेल्यात, बेळगावकर स्त्री नाटक मंडळी वगैरे, पण बेळगावचं नाव निघालं की विषय सीमाप्रश्नाकडं वळवता येतो, तेवढी एक सोय आहे.

आणि बघितल्याशिवाय बोलू नका असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. 7 ऑक्टोबर 2018 ला व्हिटेकरचा पहिला एपिसोड आला, पुढच्याच महिन्यात फाळणीवरचा, पंजाबमधला एपिसोड पण आला, चुकून बघितलात आणि डोळ्यात पाणी आलं तर सगळी मेहनत वाया. पटकथा बेकार होती असं मात्र बिनधास्त म्हणा. काही एपिसोड होतेच बेकार, त्यात काय लपवायचं, फक्त बेकार एपिसोड जुन्या चौथ्या डॉक्टरचे, टॉम बेकरचे असले तर त्याला नॉस्टॅल्जिया म्हणायचं एवढं ध्यानात ठेवा.

2022 ला व्हिटेकर गेली, आधी दहावा डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट परत आला तेव्हा काही लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवलेले, आणि लगेच 2023 ला शूटी गटवा आला, मुख्य डॉक्टर झालेला पहिला काळा नट. जुनीच पोस्ट काढली, 'बाई' खोडून तिथं दुसरा शब्द घातला, बाकी परंपरा, निसर्ग, पोरांचे आदर्श सगळं जसंच्या तसं बसलं. मग 31 मे 2025 ला गटवाच्या अंगातनं उजेड बाहेर पडला आणि समोर दिसला बिली पायपर ह्या नटीचा चेहरा. तेव्हा पहिली पोस्ट कुणी डिलीट केली असेल तर मला सांगा, माझ्याकडं स्क्रीनशॉट आहे.