धान्य बंद करण्याआधी : शिरपूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिच्यात राग आहे आणि तो मला कळतो. घरात आजारी जीव असला की कुणी ‘तुमचा उपाय चुकीचा’ म्हटलेलं सहन होत नाही.

‘ऑटोइम्यून आजार झाला म्हणून कुत्र्याची भाकरी तोडू नका’ असं मी लिहिलं होतं (ऑटोइम्यून म्हणजे ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते). त्यावर तुमचं म्हणणं असं : तुमच्या लॅब्राडोर कुत्रीला पेम्फिगस हा कातडीचा ऑटोइम्यून आजार झाला, तुम्ही पोळी, भात, बिस्किटं सगळं बंद केलं आणि महिनाभरात तिच्या नाकावरच्या खपल्या गळाल्या. लांडगा कुठे भाकरी खातो? धान्यानेच अंगात दाह होतो. आणि मी लोकांना घाबरवून खाद्य विकणाऱ्या कंपन्यांची बाजू घेते.

खपल्या गळाल्या यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या कशाने गळाल्या, एवढाच प्रश्न आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू केली, हे तुम्हीच लिहिलं आहे. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती कातडीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच हल्ला करते. पेशी सुट्या होतात, पुवाचे बारीक फोड येतात, ते फुटून नाकाच्या दांडीवर, कानांवर, पंजांच्या गाद्यांवर खपल्या धरतात. हा हल्ला थोपवायचं काम स्टेरॉइड करतं, आणि त्याचा फरक काही आठवड्यांत दिसायला लागतो. शिवाय हा आजार मुळातच कमीजास्त होत राहतो. काही कुत्र्यांत तो उन्हाने चिघळतो, आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. गोळी, आजाराची स्वतःची चढउतार, आणि तुम्ही तिला दुपारी आत घ्यायला लागलात ते, अशा तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि श्रेय चौथीला मिळालं.

माझी काळजी पुढची आहे. ‘आता गोळी हळूहळू बंदच करते, आहाराने भागतंय’ असं तुमचं शेवटचं वाक्य आहे. ताई, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी करतं. गोळी एकदम तुटली तर उलट्या, अशक्तपणा, कोसळणं इथपर्यंत जाऊ शकतं, आणि दबलेला आजार उसळतो तो वेगळाच. डोस उतरवायचा असतो तो टप्प्याटप्प्याने, तपासणी करत.

माझ्या स्वतःच्या कुत्र्याला प्रतिकारशक्तीने तांबड्या पेशी फोडून टाकण्याचा आजार झाला होता. त्याचा वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबायचा, सोडायचा आणि गुलाबी रंग परत येतो का बघायचा, असे दिवस मी काढलेत. त्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. तेव्हा त्याला काय खाऊ घालू हा प्रश्न मलाही पडला होता, कारण हातात तेवढंच असतं. औषध डॉक्टर देतात, ताटली आपण भरतो. म्हणून सगळा भरवसा ताटलीवर टाकावासा वाटतो, आणि तुम्हाला तो का टाकावासा वाटला हे मी समजू शकते.

पण खानदेशात अशा आजाराचं नाव ऐकलं की आधी गोचीड तपासावा, धान्य नंतर. कुत्र्याचा गोचीड घराच्या भिंतींच्या फटींत, गोठ्यात, ओट्याच्या कपारीत राहतो. तो चावला की एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो. बबेसिया हा तांबड्या पेशींत शिरणारा जंतूही गोचिडामार्फतच येतो. प्लेटलेट्स पडतात, तांबड्या पेशी फुटतात आणि चित्र हुबेहूब ऑटोइम्यून आजाराचं दिसतं. खरं तर पुष्कळदा या जंतूंमुळेच प्रतिकारशक्ती बिथरलेली असते. एर्लिकियाला साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन लागतं. बबेसियाचं औषध निराळं. भाकरी तोडून यातलं काहीही जात नाही, फक्त वेळ जातो. तुमच्या कुत्रीचा आजार कातडीचा आहे, फोडातल्या पेशी तपासून निदान झालंय, ते ठीकच. पण तुमची प्रतिक्रिया वाचून उद्या पारोळ्याचा कुणी कमी प्लेटलेट्सच्या कुत्र्याचं धान्य बंद करून वाट बघत बसेल, म्हणून हे इतकं लांबवलं.

आता लांडगा. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरं, पण तो माणसाच्या उकिरड्याजवळ हजारो वर्षं राहिला आहे. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. ‘कुत्राले भाकर टाक’ असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या म्हणत आले, आणि त्या भाकरीवर ही जनावरं जगली. मांजराचं मात्र वेगळं. ते पक्कं मांसाहारी, त्याला टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य आहारातूनच लागतं. नुसत्या दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराचं हृदय आणि डोळे दोन्ही धोक्यात येतात.

दाहाबद्दल. अन्नाची अॅलर्जी आणि ऑटोइम्यून आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अॅलर्जी असलेल्या कुत्र्यांचे अभ्यास एकत्र पाहिले तर पहिल्या क्रमांकावर गोमांस, मग दुग्धजन्य पदार्थ, मग कोंबडी आणि त्यानंतर गहू. म्हणजे धान्य काढून चिकन वाढवणाऱ्याने कदाचित जास्त संशयितालाच ताटात बसवलं. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने खरोखर त्रास होणारी कुत्रीही आहेत : आयरिश सेटरमध्ये आतड्याचा आजार, बॉर्डर टेरियरमध्ये झटक्यांसारखा विकार. तिथे गहू सोडणं हाच उपचार. पण गहू सोडला म्हणजे धान्य सोडलं असं नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत ते ग्लुटेन नाही. तुमच्या मनात गव्हाचा संशय असेल तर ज्वारीची भाकरी आहेच की, आणि ती आपल्या मातीतली आहे. फक्त कळण्याची नको, तिच्यात उडीद आणि मीठ असतं.

खरी अडचण इथेच आहे, आणि तुम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. धान्य काढल्यावर ती जागा कशाने भरली? तुमचं घर शाकाहारी आहे. तुम्ही लिहिलंय : उकडलेला बटाटा, तुरीचं वरण, हरभरे. पाकिटातल्या ‘ग्रेन-फ्री’ खाद्यातही नेमकं हेच असतं, वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये अशा खाद्यावरच्या कुत्र्यांत हृदय फुगून कमजोर होण्याच्या तक्रारींची चौकशी जाहीर केली. जानेवारी 2014 ते एप्रिल 2019 या काळातल्या 524 नोंदी त्यांनी मांडल्या. नोंदींतलं नव्वद टक्क्यांहून अधिक खाद्य धान्यविरहित होतं आणि 93 टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर. कारण सिद्ध झालेलं नाही, हेही सांगते. तक्रारींच्या नोंदी म्हणजे पुरावा नव्हे. पण आहार बदलल्यावर काही कुत्र्यांची हृदयं सुधारली, हेही नोंदलेलं आहे. आधीच स्टेरॉइडवर असलेल्या जनावराला हा धोका आपण होऊन कशाला द्यायचा? राहिला कंपन्यांचा मुद्दा, तर ‘धान्य नाही’ असं मोठ्या अक्षरात छापून जास्त किमतीला विकतात त्याही कंपन्याच आहेत. मी भाकरीची बाजू घेते आहे.

स्टेरॉइडवरच्या कुत्र्याला भूक फार लागते आणि स्नायू झिजतात. तिला प्रथिनं हवीत. घरात अंडं चालत असेल तर उकडलेलं द्या, नाहीतर पनीर किंवा दही सोसतं का ते डॉक्टरांशी बोलून बघा, आणि घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं तेही त्यांच्याकडून ठरवून घ्या. तेल-तूप जपून. कांदा-लसणाची फोडणी असलेलं काहीही नको, अगदी शेवभाजीचा रस्सासुद्धा, कारण कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कुणी कच्चं मांस सुचवलं तर ऐकू नका. औषधाने प्रतिकारशक्ती दाबलेली असताना साल्मोनेलासारख्या पोट बिघडवणाऱ्या जंतूला निमंत्रण परवडत नाही.

आणि खाण्याचा संशय तरीही जात नसेल तर त्याची रीतसर परीक्षा असते. आजार काबूत आल्यावर, गोळीचा डोस स्थिर असताना, पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट आठ आठवडे द्यायचं. मध्ये बिस्किट नाही, शेजारच्यांच्या हातचा तुकडा नाही. मग जुनं खाणं परत सुरू करून बघायचं. त्रास परतला तरच दोष त्या खाण्याचा. तुम्हाला ही करायची असेल तर डॉक्टरांपुढे काय मांडायचं ते मी लिहून देते. त्यासाठी तिचं आताचं वजन, गोळीचा सध्याचा डोस आणि दिवसभरात ती काय काय खाते ते सगळं इथेच खाली लिहा. आणि तोवर गोळी चालू ठेवा.