कथानकाला कुलूप, नंबर उघड्यावर

अभिनंदन! अमेरिकेतल्या एका साहित्यिक एजंटला तुमची कादंबरी आवडली. निदान मेलमध्ये तसं लिहिलंय. करार पाठवण्याआधी तुमची ‘कराची थोडी माहिती’ लागेल, असंही त्याच मेलच्या तिसऱ्या ओळीत आहे. देऊन टाका. कशाला हवी, असं विचारू नका. एजंट हळवे असतात, प्रश्न विचारला की रुसतात.

इतकी वर्षं तुम्ही कादंबरी किती जपलीत! प्रत्येक पानाच्या तळाशी कॉपीराइटचं चिन्ह घातलंत. सख्ख्या भावाला शेवट सांगितला नाहीत. सारांश मागणाऱ्या दोन एजंटांना ‘आधी गोपनीयतेच्या करारावर सही करा’ असं बजावलंत. त्यांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही, म्हणजे त्यांचा डाव तुम्ही वेळीच ओळखलात. त्या मानाने सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन), म्हणजे अमेरिकन सरकार देतं तो ओळखीचा आणि कराचा नंबर, तो काय? नऊ आकडे. ना कथानक, ना पात्रं. त्यावर कोण डोळा ठेवणार?

तेव्हा कार्डाचा फोटो काढा. कोपऱ्यात अंगठा आला तरी चालेल, आकडे वाचता आले म्हणजे झालं. मेलच्या विषयात ‘माझा एसएसएन’ असं स्वच्छ लिहा, म्हणजे उद्या तुमच्या मेलबॉक्समध्ये जो कोणी शिरेल त्याला शोधाशोध नको. सुरक्षित दुव्यावरून पाठवणं, फोन करून सांगणं हे भित्र्या लोकांचे प्रकार. मागितलं नसलं तरी गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्नही जोडा. उत्पन्नाचा आकडा बघून एजंटाला पाझर फुटला तर फुटला.

पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र निरखत बसू नका. इंग्रजीत ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी आले की ‘एम’सारखे दिसतात, आणि आपल्याला चष्मा लावायचा कंटाळा. फिलिपो बर्नार्डिनी हा लंडनच्या प्रकाशनव्यवसायातला नोकरदार अशाच युक्त्या करून एजंट आणि संपादक बनून मेल पाठवायचा. दीडशेहून जास्त बनावट डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारी नावं, त्याने नोंदवली होती. हजारावर अप्रकाशित हस्तलिखितं गोळा केली, जानेवारी २०२२मध्ये न्यूयॉर्कला पकडला गेला, २०२३मध्ये गुन्हा कबूल केला. एवढं करून त्याने ती हस्तलिखितं ना विकली, ना छापली. यावरून तुम्ही योग्य तो बोध घेतलाच असेल : हस्तलिखितं आणखी जपायला हवीत.

आता समजा, एजंट खरा निघाला. असंही होतं. वाचनाची फी मागत नाही, पुस्तक विकलं तरच साधारण १५ टक्के कमिशन घेतो, परदेशी हक्कांवर २०. प्रकाशकाचे पैसे बहुधा एजन्सीकडे येतात आणि कमिशन वजा होऊन तुमच्याकडे. म्हणून एजन्सीचा हिशेब विभाग तुम्हाला डब्ल्यू-९ नावाचा कराचा फॉर्म भरायला सांगतो. नाव, पत्ता, करदात्याचा नंबर, सही. भरायचं पान एकच, आणि तेही आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, जात नाही, एजन्सीच्या फायलीत राहतं. त्यात उत्पन्न विचारत नाहीत, जन्मतारीखही नाही.

नेमकं इथेच तुमचं तत्त्व जागं झालं पाहिजे. ‘माझी खासगी माहिती? कशासाठी?’ असं तीन परिच्छेदांचं पत्र लिहा. साहित्य आणि नोकरशाही यांवर दोन ओळी येऊ द्या. एजन्सीतली हिशेबनीस बाई शांतपणे उत्तर देईल की नंबर नसेल तर तुमच्या पैशांतून २४ टक्के कापून आयआरएसकडे भरावे लागतात. हा लेखणीवरचा हल्ला समजा.

एसएसएन द्यायचाच नसेल तर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून ईआयएन, म्हणजे व्यवसायाचा वेगळा कर-नंबर, काढता येतो. आयआरएसच्या साइटवर तो काही मिनिटांत आणि फुकट मिळतो, त्यामुळे त्यात काही राम नाही. त्याच कामाचे पैसे घेणारी साइट शोधा. अशा साइट आहेत, आणि त्या दिसतातही जास्त सरकारी.

अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परदेशी लेखकांसाठी डब्ल्यू-८बेन नावाचा वेगळा फॉर्म असतो. तो न भरता रॉयल्टीवर ३० टक्के कापून घेण्यातच खरा बाणा आहे. भारतात राहणाऱ्या लेखकाने कर-कराराचा रकाना भरला की हाच दर १५वर येतो, पण उरलेले १५ टक्के वाचवायला आपण काय वाणी आहोत?

एवढं सगळं पार पडलं की फेब्रुवारीच्या सुमारास एजन्सीकडून एक पातळ पाकीट येईल. आत १०९९ नावाचा कागद असतो : वर्षभरात रॉयल्टीचे १० डॉलर मिळाले असले तरी तो येतो, आणि त्याची एक प्रत आयआरएसकडे गेलेली असते. पाकीट हातात घेऊन वजन बघा. एवढं पातळ म्हणजे ‘साभार परत’च, हे जुन्या सवयीने ओळखा आणि न उघडता बाकीच्यांसोबत ड्रॉवरमध्ये टाका. माझं अजून तिथेच आहे.