टाकी गेली, नळ चालू

पित्ताशय काढायचं ठरलं तेव्हा भेटेल त्याने मला एकच धीर दिला, "काही नाही गं, हल्ली नुसती भोकं पाडून करतात." या वाक्याने कुणाला धीर येत असेल असं मला वाटत नाही, पण माहिती खरी आहे. पोटावर चार बारीक छिद्रं, त्यातल्या एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं. आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडियांनी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. त्याआधी बरगडीखाली वीतभर छेद घ्यायचे. माझ्या आत्याचा तसा आहे. माझ्या पोटावरच्या चार पट्ट्या बघून ती म्हणाली, "एवढंच?" आणि तिथल्या तिथे माझ्या वाट्याची सहानुभूती निम्म्यावर आली.

उरलेली निम्मी खड्यांनी खाल्ली. डॉक्टरांनी पित्ताशयातले खडे छोट्या बाटलीत घालून दिले होते. नवऱ्याने ती बाटली हॉलच्या शोकेसमध्ये, मुलाच्या बुद्धिबळाच्या कपशेजारी ठेवली. भेटायला येणारा माणूस आधी बाटली हलवून बघायचा, मग "केवढा गं हा!" असं खड्याचं कौतुक करायचा आणि जमलंच तर माझ्याकडे वळायचा.

पोटापेक्षा मला खांद्याने जास्त छळलं. कॅमेऱ्याला नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडा मागे राहतोच, श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला, डिवचतो आणि कळ उठते उजव्या खांद्यात. सिस्टरनी हे आधीच सांगितलं होतं, पण शेजारच्या काकांना ते पटेना. "खांदा म्हणजे हार्ट," असं म्हणून ते काळजीने माझ्याकडे बघत बसले. खांदा डावा की उजवा, ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ बाब होती.

वायू कुठून तरी बाहेर पडायला हवा, यात मात्र सगळ्यांना अतोनात रस. "गॅस पास झाला का?" हे सिस्टरनी विचारलं तर ठीक आहे, त्यांना कागदावर लिहायचं असतं. पण धाकट्या दिरांनी व्हिडिओ कॉलवर, मागे त्यांच्या ऑफिसातली माणसं जा-ये करत असताना, हेच विचारावं? ज्या घरात लग्नानंतर वर्षभर मी मोठ्याने शिंकले नव्हते, त्या घरात माझ्या पोटातल्या हालचालींचं बातमीपत्र रोज सकाळी निघू लागलं.

फुप्फुसं नीट फुलावीत म्हणून तीन रंगीत चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं खेळणंही सोबत आलं होतं. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, की चेंडू वर चढतात. प्रत्येक माणूस पहिल्यांदा फुंकतोच आणि चेंडू ढिम्म हलत नाहीत. माझा जेमतेम एक चेंडू लटपटत वर जायचा. भाच्याने नळी धुतली, एका दमात तिन्ही वर नेले आणि टाळ्या घेतल्या. मला हसू आलं आणि टाके ओढले गेले. हसताना, खोकताना पोटाशी उशी धरा, असा नियम होता. नवऱ्याच्या विनोदांना मात्र उशी लागली नाही, हे त्याच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

पण हे सगळं सोपं. खरी कसोटी ताटात होती.

आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागद दिला होता. तळलेलं, साय, लोणी, चीज, मटण बंद. थोडं थोडं, पण पाच-सहा वेळा खा. जखमा भरायला प्रथिनं हवीत, म्हणून मुगाची डाळ, ताक, अंड्याचा पांढरा भाग. तेल मोजून. कागद फ्रिजवर लावला. त्याच्या शेजारी सासूबाईंची घटना होती, अलिखित, आणि ती बरीच जुनी होती. आंबट खायचं नाही, टाके पिकतात. वांगं नाही. भातसुद्धा रात्री नाही. आणि या सगळ्या उपासमारीवर उतारा म्हणून प्रत्येक गोष्टीवर तूप.

"आई, तूप बंद आहे."

"तेल बंद असेल. तूप कसं बंद असेल? तूप काय तेल आहे?"

मी शास्त्र समजावून सांगायला बसले. पित्त यकृतातच तयार होतं, रोज अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते नुसतं साठवतं, दाट करतं आणि आपण तेलकट-तुपकट खाल्लं की एकदम सोडतं. आता पित्ताशय नाही, म्हणून पित्त दिवसभर थेंब थेंब आतड्यात उतरणार. एकदम जास्त स्निग्ध पोटात गेलं तर शरीराची सवय होईपर्यंत पोट बिघडणार.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डोंबिवलीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे पाण्याचं गणित त्यांना पाठ. "म्हणजे नळाला पाणी आहे, फक्त टाकी गेली."

इतकं नेमकं मला सर्जननीही सांगितलं नव्हतं. मी खूश होऊन मान हलवली.

"मग थोडं थोडं भरायचं," असं म्हणत त्यांनी मऊ भातावर तुपाची बारीक धार सोडली. पुढच्या वाटीवर पुन्हा बारीक. पाच-सहा वेळा खायचं, हे कागदावरच होतं.

भेटायला येणारे रिकाम्या हाताने येत नसत. एकांनी डिंकाचे लाडू आणले, एकांनी खरवस, आणि एका मावशींनी "तुला नाही हं, घरच्यांना" असं म्हणून अळूवड्यांचा डबा माझ्याच उशाशी ठेवला. श्रावण होता, पाऊस होता, पाहुण्यांना चहाबरोबर भजी करणं ओघाने आलं. आतल्या खोलीत मी नाचणीचं सत्त्व चमच्याने ढवळत पडलेली, आणि बाहेर कढईत कांदा पडल्याचा तो चर्र आवाज. आणलेलं वाया जाऊ नये, ही जबाबदारी नवऱ्याने उचलली. लाडू, खरवस, अळूवड्या, सगळं त्याने निमूटपणे संपवलं. कधी तक्रार नाही.

चालायचं मात्र मलाच होतं. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पहिल्याच दिवसापासून उठवतात. मनगटावरच्या घड्याळाला ऑपरेशन झाल्याची वार्ता नव्हती. ते दहा हजार पावलांचा धोशा लावून बसलं होतं. हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र या आकड्याच्या नावाने विकायला आलं, तेव्हापासून तो जगाच्या मागे लागलाय. मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फेऱ्या घालू लागले. पण पार्किंगमध्ये चालता येत नाही, थांबावं लागतं. तळमजल्यावरच्या आजोबांचं हर्निया, दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा गुडघा, वॉचमनच्या मेव्हण्याचं अपेंडिक्स, ही सगळी ऑपरेशनं मी स्कूटरला टेकून ऐकली. पावलं कमी झाली, वैद्यकीय ज्ञान वाढलं.

जड उचलायला बंदी होती. घरातल्या वस्तू प्रत्यक्षात किती जड असतात, हे त्या काळात नवऱ्याला प्रथमच कळलं. ओल्या कपड्यांची बादली गॅलरीत नेऊन ठेवल्यावर तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता.

मग गणपती आले. उकडीचे मोदक, आणि मोदकावर तूप नसेल तर तो मोदक कसला! "प्रसादाने काही होत नाही," असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. त्यात नेहमी हार्टची काळजी करणारे शेजारचे काकाही होते. मी एक मोदक कोरडाच खाल्ला. ओल्या खोबऱ्यातही स्निग्ध भरपूर असतं, हे मी कुणाला सांगितलं नाही आणि स्वतःलाही फारसं आठवू दिलं नाही. पोटाने तो गपचूप पचवला.

त्यानंतरच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता सगळं खा, फक्त बेताने." सासूबाईंना 'सगळं खा' तेवढं ऐकू आलं, आणि नवऱ्याला 'बेताने'. तो ते मला दिवसातून चारदा ऐकवू लागला. मध्येच त्याच्या ऑफिसची वार्षिक तपासणी झाली. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, फॅटी लिव्हर, ग्रेड १. असं काही महिन्या-दोन महिन्यांत होत नाही, त्याला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. पण घरातल्या सगळ्यांनी डिंकाच्या लाडवांकडेच बोट दाखवलं आणि मी कुणाला अडवलं नाही. फ्रिजवरच्या कागदावर माझं नाव खोडून त्याचं घातलं.

"आजपासून माझं रात्रीचं जेवण बंद," त्याने जाहीर केलं.

"झटपट वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होतात, डॉक्टरांनीच सांगितलंय," मी म्हटलं.

सासूबाईंनी वाढता वाढता वर पाहिलं. "त्याची टाकी आहे ना शाबूत?" त्यांनी मला विचारलं, आणि तुपाची वाटी माझ्या पुढ्यातून उचलून लेकाच्या ताटाशी ठेवली.