हंबन्टोटामार्गे एमए

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एमए करताय ना? मग लघुप्रबंधासाठी विषय शोधत फिरू नका, श्रीलंकेतलं हंबन्टोटा बंदर घ्या. मागच्या बॅचनेही तेच घेतलं होतं, म्हणजे संदर्भसूची आयतीच मिळते. शीर्षकाच्या पहिल्या अर्ध्या भागात ड्रॅगन किंवा कर्जाचा सापळा हवा आणि दुसऱ्या अर्ध्यात ‘हिंद महासागरातील बदलत्या सत्तासमतोलाचा चिकित्सक अभ्यास’. समतोल बदलत नसला तरी बदलता म्हणायचं, नाहीतर गाईड सही करत नाहीत.

निष्कर्ष आधीच लिहून ठेवा. चीनने कर्ज दिलं, श्रीलंकेला फेडता आलं नाही, 2017 मध्ये बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं. एवढ्यावर चार प्रकरणं आरामात निघतात. फक्त जास्त वाचू नका. वाचलंत की कळतं, 2003 मध्ये या बंदराचा व्यवहार्यता अहवाल एका कॅनडियन कंपनीने केला होता. भाडेपट्ट्याचे 112 कोटी डॉलर बंदराच्या कर्जफेडीत न जाता श्रीलंकेच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले. आणि 2022 मध्ये श्रीलंकेने हात वर केले, तेव्हा परदेशी कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. आता हे सगळं मांडायचं, तर त्या ड्रॅगनचं करायचं काय? तळटीपेत टाका. तळटिपा कुणी वाचत नाही, आणि चुकून कुणी वाचल्याच तर तुमचं विवेचन सूक्ष्म ठरतं.

सिद्धांतासाठी केनेथ वॉल्ट्झ हा अमेरिकी अभ्यासक घ्या, सोयीचा माणूस. त्याच्या हिशेबी सगळे देश कामाने सारखेच, फरक काय तो ताकदीचा. म्हणजे कोलंबोत कोण निवडून आलं हे बघायची कटकट मिटली. बघायला गेलात तर पंचाईत होते: 2015 मध्ये चिनी प्रकल्पांवर टीका करत जे सत्तेवर आले, त्यांच्याच सरकारने हे बंदर भाड्याने दिलं.

देशी चव हवी असेल तर कौटिल्याचं मंडल टाकतात, शेजारी तो शत्रू आणि शत्रूचा शेजारी तो मित्र. रामचंद्रपंत अमात्यांचं मराठेशाहीतल्या राजनीतीवरचं आज्ञापत्रही आहे म्हणा. टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीसाठी जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी देऊ नका, असं त्यात बजावलंय. तुमच्या संदर्भसूचीत इतकं स्पष्ट कुणी बोललेलं नसेल. म्हणूनच ते शैक्षणिक वाटणार नाही, गाळा.

प्राथमिक साधन म्हणून एखाद्या निवृत्त राजदूतांची मुलाखत घ्या. ते अकराची वेळ देतात, तुम्ही सव्वाअकराला सोफ्यावर टेकता आणि एक वाजता गोष्ट अजून त्यांच्या पहिल्या पोस्टिंगमधल्या स्वयंपाक्यावरच असते. श्रीलंका येतच नाही. उठता उठता ते ‘परराष्ट्र धोरणातलं सातत्य’ असं काहीतरी पुटपुटतात. तेवढं टिपून घ्या, पूर्ण पानाचा परिच्छेद होतो.

शेवटी शिफारशी. भारताने सावध राहावं, पण संवादही सुरू ठेवावा. हे वाचून परराष्ट्र मंत्रालयात धावपळ उडेल अशा बेताने लिहा.

आणि व्हायवाला बाहेरून येणारे परीक्षक कोण आहेत, याची आधी चौकशी करा. त्यांची पीएचडी हंबन्टोटावरच असण्याची दाट शक्यता आहे. त्यांचं नाव निदान चार ठिकाणी असू द्या, आणि तळटीपेत नको.